तेरा वर्षांच्या मुलीचा होकार

ज्युलिएट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चांदणं, वर सज्जा, सज्ज्यात ती आणि खाली मान वर करून उभा असलेला रोमिओ. गंमत अशी की 'बाल्कनी' हा शब्द मूळ संहितेत कुठेच नाही. तिथे खिडकी आहे. सज्जा नंतरच्या नाटकवाल्यांनी बांधला आणि तो इतका पक्का बांधला की आज ते नाटक आपण बरेचसे त्या सज्ज्याखालूनच पाहतो, म्हणजे रोमिओच्या जागेवरून. आज आपण जरा घरात शिरून पाहू. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला आई आहे, बाप आहे, दाई आहे, आणि या सगळ्यांचं ऐकत वाढलेली एक मुलगी आहे. रविवारी सकाळी ती आज्ञाधारक आहे. गुरुवारी पहाटे ती मेलेली आहे. मधल्या चार दिवसांत ती जे शिकते, ते आपल्याला पाहायचं आहे.

पहिला मुद्दा वयाचा. ज्युलिएट १३ वर्षांची आहे. नाटकातली दाई हिशेब मांडून सांगते की १ ऑगस्टच्या सणाच्या आदल्या रात्री तिला १४ पूर्ण होतील, आणि सणाला अजून पंधरवडा आणि वर काही दिवस आहेत. म्हणजे गोष्ट घडते ती जुलैच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात. आता ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. इटालियन कथांवरून ती फ्रेंचमध्ये गेली, तिथून इंग्रजीत आली. आर्थर ब्रुकने १५६२ मध्ये तिच्यावर एक लांबलचक काव्य रचलं, आणि शेक्सपिअरने मुख्यतः तेच समोर ठेवलं. ब्रुकची ज्युलिएट १६ वर्षांची आहे. विल्यम पेंटर याने १५६७ मध्ये हीच कथा गद्यात दिली, तिथे ती १८ वर्षांची आहे. शेक्सपिअरने हे वय उतरवून १३ वर आणलं. नुसतं उतरवलं नाही, तर पहिल्या काही प्रवेशांतच ते आपल्या कानावर परत परत पडेल अशी व्यवस्था केली. बाप सांगतो, आई सांगते, दाई तर सांगतच सुटते.

पुष्कळांचा समज असतो की त्या काळी सगळ्याच मुलींची लग्नं एवढ्या लहानपणी होत असतील. तसं नव्हतं. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांच्या अभ्यासातून असं दिसतं की शेक्सपिअरच्या काळच्या इंग्लंडमध्ये साधारण मुलीचं लग्न पंचविशीच्या आसपास होई. सरदार घराण्यांत लवकर होई, पण १३ हे तिथेही फार लवकर. खुद्द शेक्सपिअरचं लग्न १५८२ मध्ये झालं तेव्हा तो १८ वर्षांचा आणि त्याची बायको अ‍ॅन हॅथवे सुमारे २६ वर्षांची होती. त्यांची थोरली मुलगी सुझॅना १५८३ ची. म्हणजे १५९५ च्या सुमारास हे नाटक लिहिलं जात होतं तेव्हा लेखकाच्या घरी जवळपास ज्युलिएटच्याच वयाची मुलगी होती. यावरून फार काही अनुमान काढायचा मोह आपण आवरू. एवढंच म्हणू की १३ वर्षांची मुलगी म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला नीट माहीत होतं. पुढच्या काळाला मात्र हे वय सोसवेना. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिकने हे नाटक रंगभूमीसाठी नव्याने बेतलं, तेव्हा त्याने तिला सरळ अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नेऊन बसवलं.

मग १३ का? आपल्याला असं वाटतं की याचं उत्तर कायद्यात शोधायला हवं. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न हा चर्चच्या न्यायालयांचा विषय होता. तिथला जुना नियम असा, की मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा १४ वर्षांचा झाला की त्यांचा लग्नाला दिलेला होकार ग्राह्य. दोघांनी एकमेकांना, भविष्यकाळात नव्हे तर वर्तमानकाळात, 'मी तुझा स्वीकार करते', 'मी तुझा स्वीकार करतो' असं म्हटलं तर ते लग्न बंधनकारक. आईवडिलांची संमती घेणं हे कर्तव्य मानलं जाई, १६०४ च्या चर्चच्या नियमांत २१ वर्षांखालच्यांसाठी ती स्पष्ट लिहिलीही गेली, पण ती नव्हती म्हणून झालेलं लग्न मोडत नसे. ही फट बुजवायला १७५३ चा हार्डविकचा कायदा यावा लागला. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दडपण जबरदस्त होतं. आज्ञापालनावरचं छापील प्रवचन देवळादेवळांतून वाचलं जाई. १५५८ च्या एका कायद्याने १६ वर्षांखालच्या वारसदार मुलीला आईबापांच्या मर्जीविरुद्ध नेणाऱ्याला तुरुंग ठरवला होता, आणि मुलगी आपण होऊन गेली असेल तर तिच्या जमिनीचा उपभोग नातलगांकडे जाई. म्हणजे काय झालं बघा. १२ ते १६ या वयातल्या मुलीच्या हातात काहीही नाही. पैसा नाही, जागा नाही, कुठे जायची सोय नाही. फक्त एक गोष्ट आहे, तिचा 'हो'. तो तिच्याशिवाय दुसरं कुणी उच्चारू शकत नाही. शेक्सपिअरने आपल्या नायिकेला नेमकं त्या चार वर्षांच्या फटीत आणून उभं केलं.

आता नाटक पाहू. ज्युलिएट पहिल्यांदा रंगमंचावर येते ती हाक आल्यावर. कोण बोलावतंय, असं विचारते. आईने बोलावलंय असं कळताच, मी आले, काय आज्ञा आहे, असं म्हणते. सबंध प्रवेशात ती फक्त पाच वेळा तोंड उघडते. दाईच बोलत असते. ज्युलिएटचं दूध तोडलं तो दिवस, त्या दिवशीचा भूकंप, आपली मेलेली मुलगी सुझन, ज्युलिएट लहानपणी पडली तेव्हा आपला नवरा काय चावट बोलला होता ते, सगळं ती घोळवून घोळवून सांगते. आई विचारते, लग्नाबद्दल तुझं काय मत आहे? मुलगी म्हणते, या मानाचं मी कधी स्वप्नसुद्धा पाहिलेलं नाही. हे उत्तर नकार नाही, होकारही नाही. पॅरिस नावाच्या तरुण सरदाराचं स्थळ आलेलं आहे, त्याला आजच्या मेजवानीत बघ, असं सांगितल्यावर ती म्हणते की बघीन, आवडतो का तेही बघीन, पण माझी नजर तुमच्या परवानगीच्या पलीकडे जाणार नाही.

हे वाक्य बहुतेक सगळेजण आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून दाखवतात, आणि ते खरंच आहे. पण त्यात एक 'जर' आहे. बघून आवडला तर. तो 'जर' तिने आईच्या हातात दिलेला नाही, स्वतःकडे ठेवलेला आहे. कदाचित तिलाही ते ठाऊक नसेल.

आणखी एक गंमत. याच्या आधीच्या प्रवेशात बाप, म्हणजे कॅप्युलेट, पॅरिसला काय सांगतो? मुलगी लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. तिचं मन जिंक, माझी संमती हा तिच्या संमतीचा फक्त एक भाग आहे. म्हणजे होकार मुलीचाच, हा नियम बापानेच घालून दिलेला आहे. रविवारी. हे लक्षात ठेवा, कारण सोमवारी रात्री तो पॅरिसला परस्पर शब्द देऊन टाकतो. ती माझं ऐकेल, यात शंका नाही, असं तो म्हणतो आणि लग्नाचा वार ठरवतो, गुरुवार. हा सगळा बदल होतो एका दिवसात. घरात भाचा टिबॉल्टचा मृत्यू झालेला आहे, रस्त्यावर मारामाऱ्या चालू आहेत, आणि अशा वेळी घरातली मोठी माणसं काय करतात? मुलीचं लग्न उरकून घेतात.

मेजवानी, भेट, खिडकी हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात आपण रेंगाळायला नको. एकच गोष्ट पाहू. खिडकीच्या प्रवेशात रोमिओ चंद्राच्या शपथा घेत असतो आणि ज्युलिएट व्यवहाराचं बोलत असते. हे फार घाईचं होतंय, हे तीच म्हणते. आणि मग तीच म्हणते की तुझा हेतू जर सन्मानाचा असेल, लग्नाचा असेल, तर उद्या मी माणूस पाठवते, त्याच्याजवळ निरोप दे, कुठे आणि किती वाजता. माणूस किती वाजता पाठवू, हेही विचारते. नऊ वाजता ठरतं. काल रात्रीपर्यंत हाक मारल्यावर येणारी ही मुलगी आता स्वतःच्या लग्नाची बोलणी स्वतः करते आहे. तिच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नाही म्हणून.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे, तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात. या प्रवेशावर सबंध व्याख्यान द्यावं इतका तो मोठा आहे.

मंगळवारची पहाट. गुपचूप लग्न झालेला नवरा नुकताच खिडकीतून उतरून हद्दपारीच्या वाटेला लागला आहे. आई आत येते. मुलगी रडते आहे. आईला वाटतं टिबॉल्टसाठी रडते आहे. आणि इथे ज्युलिएट एक नवीन विद्या शिकते. ती अशी वाक्यं बोलते की आईला त्यात रोमिओचा द्वेष ऐकू येतो, आणि आपल्याला प्रेम. शब्द तेच. आजवर तिच्या तोंडचा शब्द आणि मनातला अर्थ एकच होता. आता मध्ये भिंत उभी राहिली. स्वतंत्र होण्याची सुरुवात अशी खोटं बोलण्यापासून व्हावी, हे आपल्याला रुचतं का? पण तिला दुसरं कोणतं दार उघडं होतं, तेही पाहायला हवं.

आई गुरुवारची बातमी देते. ज्युलिएट म्हणते, नाही. नाटकातला आईबापांना दिलेला हा तिचा पहिला 'नाही'. त्यासाठी ती कारण काय देते? ज्याने नवरा व्हायचं, तो मला मागणी घालायला येण्याआधीच मी लग्न कसं करू? हा युक्तिवाद तिच्या बापाचाच आहे. मन जिंक, असं पॅरिसला त्यानेच सांगितलं होतं. ज्युलिएट तो प्रवेश ऐकायला तिथे नव्हती. तरी नेमक्या त्या जागेवर ती बोट ठेवते.

बाप येतो आणि संतापतो. तुमचे आभार मानते, पण मला हे नको, असं ती म्हणाली म्हणून तर जास्तच संतापतो. मोठी तर्क लढवायला लागली, असं म्हणून चिडवतो. गुन्हेगारांना वधस्तंभाकडे न्यायच्या फाट्यावर घालून तुला देवळात ओढत नेईन, म्हणतो. हात शिवशिवताहेत, म्हणतो. ती गुडघे टेकते, एक शब्द ऐका म्हणते. तो म्हणतो, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, तुझा माझा संबंध नाही. आणि निघून जातो. ती आईकडे वळते: एक महिना द्या, एक आठवडा द्या. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडून तू संपलीस. उरते दाई. बापासमोर ज्युलिएटची बाजू घेऊन एकटी बोलली ती दाईच. तिच्याच हाताने ते गुप्त लग्न जुळलेलं. आता मला धीर दे, असं ज्युलिएट तिला म्हणते. आणि दाई विचार करून सांगते की रोमिओ गेलाच आहे, तेव्हा पॅरिसशी लग्न कर, तो जास्त देखणा आहे.

दाई दुष्ट नाही. गरीब बाई आहे, नोकरीवर आहे, आणि जगाचा अनुभव म्हणून तिच्याजवळ जे आहे ते ती देते आहे. पण ज्युलिएट तिला फक्त विचारते, हे मनापासून बोलतेस का? दाई म्हणते, अगदी मनापासून. मग ज्युलिएट शांत होते. तू माझं छान समाधान केलंस, म्हणते. आईला जाऊन सांग, वडिलांना दुखवलं म्हणून मी पाद्रीबाबांकडे पापाची कबुली द्यायला गेले आहे. दाई खूश होऊन जाते. ती गेल्यावर ज्युलिएट म्हणते की आजपासून माझं मन आणि हिचं मन वेगळं. आवाज न चढवता ती हे म्हणते. आपल्या मते १३ वर्षांच्या मुलीचं बालपण या ओळींत संपतं. लग्नाच्या रात्री ते संपलं नव्हतं.

इथे जरा थांबून आपल्याकडे वळू, कारण हे नाटक मराठीत फार लवकर आलं. १८८२ मध्ये नारायण बापूजी कानिटकर यांनी 'शशिकला आणि रत्नपाळ' या नावाने त्याचं रूपांतर केलं. शशिकला म्हणजे ज्युलिएट. याच कानिटकरांनी १८८६ मध्ये 'तरुणीशिक्षणनाटिका' लिहिली आणि मुलींना शिकवलं, स्वातंत्र्य दिलं, तर पुढे कसा अनर्थ होईल याचं भविष्य त्यात रंगवलं. दोन्ही एकाच लेखणीतून, चार वर्षांच्या अंतराने. आणि या दोन तारखांच्या मध्येच मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी बायकोने नांदायला यावं म्हणून दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं असं की लग्न झालं तेव्हा मी ११ वर्षांची होते, ते माझ्या संमतीने झालेलं नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. तुरुंगात जाईन, असं त्या म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षं दवाखाना सांभाळला. ज्युलिएटशी त्यांची तुलना करायची म्हणून हे सांगत नाही. एक माणूस नाटकातला, एक हाडामांसाचा. सांगायचं ते असं की मुलीच्या 'हो'ला किंमत आहे का, हा प्रश्न ज्या दशकात इथल्या कोर्टात गेला, त्याच दशकात ज्युलिएट मराठी बोलू लागली होती.

परत व्हेरोनाला. मंगळवारी दुपारी ज्युलिएट पाद्री लॉरेन्सकडून औषध घेऊन घरी येते. बेचाळीस तास मेल्यासारखं पडून राहायचं, तोवर रोमिओला निरोप जाईल. आता तिला घरी फक्त संशय येऊ द्यायचा नाही. ती बापापुढे गुडघे टेकते. अवज्ञेच्या पापाचा मला पश्चात्ताप झाला आहे, इथून पुढे तुमच्या शब्दाबाहेर नाही, असं म्हणते. पहिल्या प्रवेशातली आज्ञाधारक मुलगी ती आता अभिनयाने उभी करते. आणि अभिनय इतका चांगला होतो की बाप विरघळतो. त्याला इतका आनंद होतो की तो लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. गुरुवार कशाला, उद्याच! बायको म्हणते, तयारी व्हायची आहे, गुरुवारच राहू दे. तो ऐकत नाही. वीस आचारी बोलावलेले असतात, रात्रभर स्वतः जागतो. म्हणजे मुलीने भांडण केलं तेव्हा गुरुवार हलला नव्हता. तिने मान तुकवली आणि हातातला एक दिवस गेला. ब्रुकच्या काव्यात ही सगळी कथा महिनोन्‌महिने चालते. शेक्सपिअरने ती चार दिवसांत कोंबली, म्हणून या एका दिवसाला एवढं वजन आलं.

त्या रात्री ती आईला आणि दाईला खोलीबाहेर पाठवते. दार लागल्यावर भीतीने गार पडते. दाईला परत हाक मारायला जाते, आणि मध्येच थांबते. ती येऊन काय करणार? जवळ सुरा ठेवते, औषध लागू पडलं नाही तर असावा म्हणून. मग तिच्या मनात येतं, पाद्रीने विषच दिलं असेल तर? आपलं गुपित लग्न त्यानेच लावलं, ते बाहेर येऊ नये म्हणून? हा विचार करण्याइतकी ती आता मोठी झाली आहे, आणि तो बाजूला सारण्याइतकीही. मग तळघरातला अंधार, हाडं, कफनातला टिबॉल्ट. हे सगळं पाहून मग पिते. एकटी.

ती तळघरात जागी होते तेव्हा रोमिओ शेजारी मरून पडलेला आहे. पाद्री आलेला आहे. बाहेर पावलं वाजताहेत. चल, तो म्हणतो, तुला मी जोगिणींच्या मठात ठेवण्याची व्यवस्था करतो. वडीलधाऱ्या माणसाने तिच्या वतीने ठरवलेली ही शेवटची गोष्ट. ती म्हणते, तुम्ही जा, मी येणार नाही. आणि पाद्री खरोखर जातो! हातापाया पडत नाही, ओढत नेत नाही, घाबरून जातो. बापाने टाकली, आईने टाकली, दाईने टाकली, आता धर्मानेही.

ब्रुकने आपल्या काव्याला प्रस्तावना जोडली आहे. आईबापांचा अधिकार आणि सल्ला झुगारणाऱ्यांचं असंच होतं, हा तिचा सूर. शेक्सपिअरने कथा घेतली आणि हे प्रवचन टाकून दिलं. त्याच्या सुरुवातीच्या निवेदनात आईबापांचं वैर पुढे आहे आणि ते मिटायला मुलांचे प्राण जावे लागले असं म्हटलं आहे. तरी ज्युलिएटला स्वातंत्र्य मिळालं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. निर्णय घेण्याचं मिळालं, जगण्याचं नाही. हा फरक मोठा आहे, आणि या नाटकाला क्रांतिकारक म्हणणाऱ्यांनी तो पुसू नये.

शेवटी दोन्ही बाप प्रेतांपाशी उभे राहून हातात हात देतात. रोमिओचा बाप म्हणतो की मी तिचा सोन्याचा पुतळा उभारीन, व्हेरोनाचं नाव राहील तोवर एकनिष्ठ ज्युलिएटचं नाव राहील. कॅप्युलेट लगेच म्हणतो, रोमिओचाही तसाच भारी करू. 'एकनिष्ठ' हा शब्द कॅप्युलेट ऐकून घेतो. दोनच दिवसांपूर्वी याच मुलीला त्याने आज्ञेबाहेरची म्हणून रस्त्यावर मरायला सांगितलं होतं. पुतळ्याबद्दल आता तिला विचारायची सोय नाही, आणि दोघांपैकी कुणाला ते सुचतही नाही.